रॉकी खरंच घाबरला होता का?

गेल्या दिवाळीत ताईचा मुलगा राहायला आला होता. इंजिनिअरिंगला आहे, सिनेमाचं भयंकर वेड, पण त्याचा सगळा सिनेमा रंगीत आणि अलीकडचा. रात्री फराळाचा डबा मधे ठेवून म्हणाला, मावशी, तुझ्या त्या काळ्यापांढऱ्या गुंडांपैकी एखादा दाखव ना. मी 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' लावला, १९३८चा, जेम्स कॅग्नीचा. पहिला अर्धा तास त्याच्या हातात मोबाईल होता, मग तो उशीखाली गेला, आणि शेवटी तर चिवड्याची वाटी मांडीवर तशीच राहिली. ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट सांगायला नकोच, पण तरी सांगते, कारण माझं सगळं त्या शेवटापाशीच अडकलंय. रॉकी सलिव्हन, इलेक्ट्रिक चेअरची शिक्षा झालेला गुंड. त्याचा लहानपणीचा मित्र आता पाद्री झालाय आणि तो कोठडीत येऊन मागणं मागतो की मरताना घाबरल्यासारखं कर, रडून ओरडून मर, म्हणजे गल्लीतली जी पोरं तुला देव मानतात ती तुझ्या वाटेने जायची नाहीत. रॉकी म्हणतो, एवढी एकच गोष्ट माझी उरलीय आणि तीच तू मागतोस? नाही. मग तो मान ताठ ठेवून चालत जातो, खुर्चीच्या खोलीत शिरतो, आणि पुढचं आपल्याला सरळ दिसतच नाही. भिंतीवर सावल्या दिसतात, रेडिएटरला घट्ट धरलेले हात दिसतात, आणि किंचाळणं ऐकू येतं, नको नको, मला मरायचं नाही.

दिवे लावले तर भाचा म्हणाला, "मावशी, तो खरंच घाबरला की मित्रासाठी नाटक केलं?" मी म्हटलं अरे ते मुद्दाम उघडं सोडलंय, कॅग्नीने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय की दोन्ही अर्थ निघतील असंच आपण ते केलं. "ते ठीके गं, पण तुला काय वाटतं?"

मला सांगता येईना.

तो झोपला आणि मी गॅलरीत जाऊन बसले. इतकी वर्षं बघत आलेला सिनेमा आणि या एका प्रश्नाला आपलं स्वतःचं उत्तर नाही हे काही पचेना. हे सिनेमे माझ्याकडे बाबांकडून आले. नव्वदीच्या दशकातलं केबल ज्यांना आठवतं त्यांना कार्टून नेटवर्क संपून रात्री त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं तेही आठवत असेल. पोरं झोपायला गेली की जुने अमेरिकन सिनेमे लागायचे, एमजीएमचे, वॉर्नर ब्रदर्सचे. बाबा आवाज एकदम बारीक करून, पुढे सरकून, अडकित्त्याने सुपारी कातरत बघायचे, आणि मी पांघरुणातून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे. इंग्रजी अर्धंही कळायचं नाही, ते लोक बोलायचेच असे की वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. पण माणूस कुठे उभा आहे, हात खिशात आहे की बाहेर, टोपी कपाळावर किती ओढलीय, हे सगळं कळायचं. आतून आई म्हणायची अहो बारीक करा, आणि आवाज तर आधीच इतका बारीक असायचा की गोळीपेक्षा अडकित्ता मोठ्याने वाजायचा. बाबांचा लाडका एडवर्ड जी. रॉबिन्सन. बुटका, रुंद तोंडाचा, बेडकासारखे डोळे. हिरो म्हणून त्याच्याकडे कुणी वळून बघणार नाही, पण बाबा म्हणायचे, हा बोलायला लागला की खोलीतले सगळे उंच लोक बुटके होतात.

आता त्या रॉबिन्सनची एक गोष्ट आहे, सिनेमाची पुस्तकं वाचणाऱ्यांना माहीत असते. 'लिटल सीझर' करताना, म्हणजे १९३१ साली आलेला तो सिनेमा ज्याने गँगस्टर नावाचा प्रकार बोलपटात खऱ्या अर्थाने उभा केला, त्यात त्याने केलेल्या रिको या गुंडाच्या हातातल्या पिस्तुलातून गोळी सुटली की रॉबिन्सनचे डोळे मिटायचे. प्रत्येक वेळी. आवाजाने दचकायचा. काही केल्या थांबेना तेव्हा शेवटी त्याच्या पापण्यांना चिकटपट्टी लावून त्या उघड्या ठेवल्या आणि शॉट घेतला. म्हणजे आपण ज्या थंड, न लवणाऱ्या डोळ्यांना बघून टरकतो ते डोळे चिकटवलेले आहेत, त्यांच्या मागचा माणूस दचकतोय. तो मूळचा इमॅन्युएल गोल्डेनबर्ग, बुखारेस्टच्या ज्यू घरातला. ज्यूंवरचे हल्ले होत होते म्हणून घर सोडून लहानपणी न्यूयॉर्कला आलेला. चित्रांचा दर्दी, घरात पॅरिसच्या मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं लावलेली. 'लिटल सीझर'मध्ये रिको आपल्या जुन्या दोस्ताला मारायला जातो आणि मारू शकत नाही, तो क्लोजअप एकदा नीट बघा. तो मागे मागे सरकतो आणि डोळे भरलेले असतात. पट्टी लावून उघडे ठेवलेले डोळे आणि हे डोळे एकाच माणसाचे.

कॅग्नीची भीती अजून खरी होती, कारण गोळ्या खऱ्या होत्या. हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. 'द पब्लिक एनिमी', तोही १९३१चाच, त्यात दोघं दोस्त रस्त्याने चाललेत आणि समोरच्या इमारतीतून मशिनगन सुरू होते, एक पडतो आणि कॅग्नी भिंतीच्या कोपऱ्याआड होतो, आणि तो दगडी कोपरा गोळ्यांनी अक्षरशः कुरतडला जातो. ते खरंखुरं मशिनगनवाल्याने मारलेलं आहे. आज भिंतीत छोटे स्फोटक लावून करतात तसं तेव्हा रुळलेलं नव्हतं, नेम पक्का असलेला माणूस बोलवायचा आणि नटाने वेळेवर डोकं मागे घ्यायचं, बस. सात वर्षांनी 'एंजल्स'च्या शूटिंगला खिडकीच्या सीनमध्ये पुन्हा तसंच करायचं ठरलं तेव्हा कॅग्नी म्हणाला मी तिथे उभा राहणार नाही, माझा शॉट वेगळा घ्या. वेगळा घेतला. गोळ्या मारल्या तेव्हा एक गोळी खिडकीच्या लोखंडी कडेला लागून वळली आणि जिथे त्याचं डोकं असतं बरोबर तिथून भिंतीत गेली. मला त्याचं ते नाही म्हणणं फार मोठं वाटतं. समोर अख्खं युनिट उभं आहे, तू पडद्यावरचा सगळ्यात डेअरिंगबाज माणूस, आणि तू म्हणतोस मला भीती वाटते, मी करणार नाही.

मग तो पडद्यावरचा कडकपणा येतो कुठून? त्या रात्री मी यूट्यूबवर कॅग्नीचे तुकडे बघत बसले, आवाज बंद करून. आवाज बंद केला की लक्षात येतं की तो नाचतोय. कायम चवड्यावर, वजन पुढे, वळताना आधी खांदा मग कंबर. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला पोरगा, बाप दारूच्या गुत्त्यावर कामाला, त्याचं पहिलं स्टेजचं काम म्हणजे बायकांच्या वेषात कोरसमध्ये नाचणं. पुढे ऑस्कर मिळालं तेही नाचगाण्याच्या सिनेमाला, १९४२च्या 'यँकी डूडल डँडी'ला. रॉकीची ती ओळखीची लकब, मान आखडून, कोपर अंगाला चिकटवून खांदे उचकायचे, ती त्याने लहानपणी आपल्या मोहल्ल्यात बघितलेल्या वेश्यांच्या एका दलालाची उचलली, तो दिवसभर कोपऱ्यावर उभा राहून तसंच करायचा म्हणे. पडद्यावरचा दुसरा गुंड हम्फ्री बोगार्ट तर सर्जनचा मुलगा, आई नावाजलेली चित्रकार, मोठ्या शाळेत शिकलेला (आणि तिथून काढून टाकलेला, ते सोडा), फावल्या वेळात बुद्धिबळ. आणि या सगळ्यात जो एक खरोखर गुंडांच्या उठबशीतला होता, जॉर्ज राफ्ट, तोसुद्धा आधी नाचणाराच, 'स्कारफेस'मधला नाणं उडवणारा तो, त्याला पुढे वाईट माणूस होऊन पडद्यावर मरायचं नको झालं. 'हाय सिएरा' नाकारला, 'माल्टीज फाल्कन' नाकारला, दोन्ही १९४१चे, दोन्ही बोगार्टला गेले आणि त्यातूनच आपल्याला माहीत असलेला बोगार्ट झाला. खरी भीती जवळून बघितलेल्याला तिचं सोंग नको वाटलं असेल, हा माझा अंदाज.

स्टुडिओ हा एक वेगळाच दादा होता. वॉर्नर ब्रदर्सकडे हे सगळे करारावर, आज हा सिनेमा, परवा तो. कॅग्नीने कंपनीवर केस केली आणि १९३६ साली जिंकली, वर्षाला ठरल्यापेक्षा जास्त सिनेमे करून घेतात आणि नाव ठरल्या जागी लावत नाहीत म्हणून. आपल्याकडे शांता आपटेंनी १९३९ साली प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं होतं, करारावरूनच. मला हे दोघं एकमेकांना भेटायला हवे होते असं फार वाटतं, दोघांनाही मालकासमोर मान खाली घालणं जमलं नाही आणि दोघांचाही पडद्यावरचा राग म्हणूनच खरा वाटतो. १९३४ नंतर सेन्सॉरचे नियम कडक झाले, गुन्हेगार मोठा दिसता कामा नये, सुटता कामा नये, मग वर्षभरात त्याच कॅग्नीला 'जी-मेन'मध्ये सरकारी बाजूने पिस्तूल दिलं. 'एंजल्स'चा शेवट याच नियमांच्या सावलीत लिहिलेला आहे, हे विसरून चालत नाही. पोरांनी गुंडाला देव मानू नये ही मागणी पाद्र्याच्या तोंडी आहे, पण ती सगळ्या हॉलिवूडकडेच मागितली जात होती. आणि तरी त्या सिनेमात शेवटी कोण लक्षात राहतं? पाद्री नाही.

'व्हाइट हीट' मी फार क्वचित लावते. १९४९चा, कॅग्नी पन्नाशीला टेकलेला, अंग सुटलेलं. कोडी जॅरेट नावाचा दरोडेखोर, डोकं दुखायला लागलं की आईच्या मांडीवर जाऊन बसतो, एवढा मोठा माणूस, आणि ती त्याची मान चोळते, मग तो उठून बाहेर जातो तेव्हा पुन्हा तोच कोडी. तुरुंगातल्या जेवणाच्या हॉलचा सीन माहीत असेल. शेकडो कैदी, लांबच लांब टेबलं, नवीन आलेल्या कैद्याला विचारायचंय की माझी आई कशी आहे. प्रश्न कानातून कानात सरकत जातो, शेजाऱ्याला, त्याच्या शेजाऱ्याला, आणि कॅमेरा त्या डोक्यांवरून सरकत जातो. मग उत्तर तसंच परत यायला लागतं. प्रत्येक माणूस पुढच्याच्या कानात सांगतो आणि पटकन खाली ताटात बघतो. उत्तर कोडीपर्यंत येतं. ती गेली. आधी काहीच होत नाही. मग त्याच्या घशातून एक आवाज येतो, तो रडण्याचा नाही आणि ओरडण्याचाही नाही, तो टेबलावर चढतो, भांडी उडवत चारी हातापायांवर पुढे जातो, जो पहारेकरी अडवेल त्याला ठोसा, आणि तो आवाज चालूच. कॅग्नीने सांगितलंय की लहानपणी वेड्यांच्या इस्पितळात गेलो होतो, तिथे ऐकलेले आवाज डोक्यात राहिले होते. बाबांनी हा सीन आला की अडकित्ता खाली ठेवलेला मला आठवतो. त्यांची आई ते कॉलेजात असताना गेली होती, गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते याबद्दल कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

या सीननंतर रॉकीचे हात परत बघितले. फक्त हात. आणि आता मला वाटतं की उत्तर हातांत आहे. नाटकच करायचं असतं तर आवाज पुरला असता, साक्षीला आलेल्या लोकांनी तो ऐकला असता, पोरांपर्यंत बातमी गेली असती. पण ती बोटं त्या पाइपाला ज्या पद्धतीने धरतात, ती एकेक करून सोडवावी लागतात, तेवढं कुणी कुणासाठी करत नाही. माझ्या मते रॉकीने सुरू केलं ते मित्राच्या शब्दाखातर, आणि एकदा तोंडातून नको नको निघाल्यावर आत दाबून ठेवलेलं सगळं त्याच वाटेने बाहेर आलं. थांबवणं त्याच्या हातात राहिलं नाही. भाच्याला मेसेजवर एवढं लिहून पाठवलं, तर त्याचं उत्तर, मग पाद्री वाईट माणूस झाला ना गं. हो रे बाबा, मलाही तो पाद्री कधी आवडला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून येतं की रॉकी भित्र्यासारखा मेला, पोरं तळघरात बसून ते वाचतात, आणि हा जिना उतरून येतो आणि सांगतो, हो, जे लिहिलंय ते खरं आहे.

पेपरात छापून आणायचं, हे आठवलं आणि पुढचं सगळं आपोआप समोर आलं. १९४७ साली अमेरिकन संसदेच्या समितीने हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट शोधायला सुरुवात केली तेव्हा बोगार्ट बायकोला, लॉरेन बकॉलला घेऊन, बाकीच्या कलावंतांबरोबर विमानाने वॉशिंग्टनला निषेध करायला गेला होता. दुसऱ्याच वर्षी एका सिनेमासिकात त्याच्या नावाने लेख आला, मथळाच असा की मी कम्युनिस्ट नाही. रॉबिन्सनचं अजून वाईट झालं. तो कधीच कम्युनिस्ट नव्हता, नाझींच्या विरोधात आणि गरजूंसाठी सढळ हाताने पैसे द्यायचा, त्यातल्या काही संस्थांवर कम्युनिस्ट म्हणून शिक्का बसला होता एवढंच. कामं आटली. १९५० पासून तो स्वतःहून समितीपुढे गेला, परत गेला, १९५२ साली परत. मला फसवलं, माझा वापर केला, असं त्याच्याकडून वदवून घेतलं आणि एका मासिकात त्याच्या नावाने लेख छापला, लाल लोकांनी मला कसं मूर्ख बनवलं अशा अर्थाच्या मथळ्याचा. ज्या माणसाचा पडद्यावर दरारा होता त्याने सगळ्यांसमोर गुडघे टेकले हे दिसायला हवं होतं, म्हणजे बाकीची पोरं शहाणी होतील. रॉकीकडे मागितलं होतं तेच.

मी त्याला नावं ठेवू शकत नाही. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, एकदा देश सोडून पळालेलं घर, तो काय विचार करत असेल समितीच्या खोलीत बसून, तिथे पापण्यांना पट्टी लावायला कुणी नव्हतं. पण जॉन गारफील्ड या नटाचं नाव आलं की मला बसवत नाही. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्त्यांमधून आलेला, कॅग्नीपेक्षा चौदा वर्षांनी लहान, वॉर्नरनेच मोठा केलेला. १९५१ साली त्याला बोलावलं, दुसऱ्यांची नावं सांग म्हणाले. त्याने सांगितली नाहीत. काम बंद झालं. मे १९५२ मध्ये हृदय बंद पडून गेला, वय ३९. अंत्ययात्रेला न्यूयॉर्कमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले होते.

त्याचा शेवटचा सिनेमा 'ही रॅन ऑल द वे', १९५१चा. त्याच्याइतका घाबरलेला गुंड मी दुसरा बघितलेला नाही. सुरुवातच दचकून जागं होण्याने होते, अंगभर घाम, वाईट स्वप्न पडलंय, आणि समोर आई उभी राहून शिव्या देतेय. त्या आईचं काम ग्लॅडिस जॉर्जने केलंय, तीच जिने 'द रोअरिंग ट्वेंटीज'मध्ये चर्चच्या पायऱ्यांवर मेलेल्या कॅग्नीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पगाराचे पैसे लुटायचा डाव फसतो, पोलिसाला गोळी लागते, आणि हा पळत सुटतो तो गर्दीत लपायला एका पोहण्याच्या तलावात शिरतो. पाण्यातही तो इकडेतिकडे बघतोय. तिथे भेटलेल्या मुलीच्या घरी घुसतो, अख्ख्या कुटुंबाला ओलीस धरतो, आणि मग त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून आग्रह करतो की जेवा ना, माझ्याबरोबर जेवा. ती मुलगी त्याच्यासाठी गाडी घ्यायला पैसे घेऊन जाते, आणि ती खरं बोलतेय यावर त्याचा विश्वास बसत नाही. तिने गाडी खरंच घेतलेली असते. गारफील्ड कुठेही खांदे उचकत नाही, नाणं उडवत नाही, एकही लकब नाही, फक्त डोळे सतत दाराकडे. दिग्दर्शक जॉन बेरी, पटकथेमागे डाल्टन ट्रंबो, सगळेच तेव्हा काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून काम बंद केलेल्यांच्या यादीत, किंवा तिच्या दाराशी उभे, आणि हे माहीत नसतानाही ते पडद्यावर कळतं.

माझ्यासाठी हा 'व्हाइट हीट'च्याही वरचा आहे, बाबांना कधी दाखवता आला नाही. सव्वा तासाचा आहे, बारीकसारीक प्लॅटफॉर्मवर शोधला तर सापडतो. बघणार असाल तर आवाज बारीक करू नका, त्यात तो श्वास कसा घेतो ते ऐकायला हवं.